सरूला दिलेल्या माझ्या गोळ्या

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आजाराबद्दल बोललोच नाही असं नाही, उलट फार बोललो. हृदय अशक्त होऊन, अंगात पाणी साठून मी दोनदा दवाखान्यात पडलो आणि दोन्ही वेळा चालत घरी आलो. त्यामुळे आमच्या महाळुंगे पडवळमध्ये कोणाचे पाय सुजले की लोक मला गाठायचे, आणि मीही रंगवून सांगायचो. त्या गोष्टीत माझी बायको सरू डबा घेऊन दवाखान्यात यायची आणि तिथून पुढे दिसायची नाही. ती कशाने गेली तिथपर्यंत आलो की मी कांद्याच्या बाजारावर घसरायचो.

गेल्या वर्षी माझी सून शालन वारली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, काही करायला वेळच मिळाला नाही. तिच्या दहाव्याला सरूची बहीण यमुना जुन्नरहून आली होती. शेजारी बसलेल्या बाईला ती सांगत होती, आवाज जराही खाली न करता, "सासूला शिळं घालून घालवली व्हती हिनं. देव बगतो गं सगळं." शालनची मुलगी वैशू तिथंच उभी होती. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली.

"आबा, आईनं आजीला काय खायला घातलं व्हतं?"

मी म्हणालो, "जुनं झालं ते. जा, हातपाय धू."

ती गेली. तिने पुन्हा विचारलं नाही.

शालनने सरूला वाईट काही घातलं नव्हतं. घातलं ते मी. कसं ते इथे लिहितो. जिला हे आधी सांगायला हवं होतं ती आता ऐकायला नाही, म्हणून हात चालतो आहे. यात धीर वगैरे काही नाही.

पंप

मी कालव्यावर पाटकरी होतो. डिंभे धरणाचं पाणी कालव्यात येतं, कालव्यातून चाऱ्यांना जातं आणि चारीतून शेतात. कोणत्या चारीचं दार कधी उचलायचं, किती उचलायचं, कधी खाली टाकायचं हे बघणारा तो पाटकरी. दारांच्या चाव्या माझ्या कमरेला असायच्या. लोक मला नावाने हाक मारत नसत. "पाटकरी" म्हणायचे, आणि पाणी हवं असलं की "पाटकरी साहेब".

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचं साल असेल. कालव्याचा भराव चढताना दम लागायला लागला. आधी विडीवर ढकललं, मग वयावर. नंतर खात्याचे गमबूट पायात जाईनात. आडवं पडलं की छातीवर कोणी बसल्यासारखं वाटायचं, म्हणून भिंतीला गोधडी लावून बसून झोपायचो. सरू म्हणायची, "अवो, घोड्यावानी उभ्यानं झोपायचं राह्यलंय आता." तिनेच मला मंचरच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

डॉक्टरांनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. मग हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, छातीचा फोटो काढला. ते म्हणाले, "काका, हृदय म्हणजे एक पंप आहे. तुमचा पंप निम्म्या ताकदीने चालतोय. त्यामुळे पाणी मागे तुंबतंय, पायात, पोटात, फुप्फुसात. ते आपल्याला लघवीवाटे काढावं लागेल."

हे मला फार लवकर समजलं. पाणी तुंबलं, दार उचलायचं. माझ्या आयुष्यभराचं काम तेच होतं. आपल्याला सगळं समजलं असं त्या खुर्चीवरच मला वाटलं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

बाहेर आल्यावर मात्र स्टँडवर बाकावर बसलो. सरूने रसवंतीतून रस आणला, तो मी घेतला नाही. मला एकच दिसत होतं, आता भराव चढायचा नाही, चाव्या द्याव्या लागणार, घरात बसून राहायचं. सरू माझा ग्लास पिऊन म्हणाली, "पंप तर पंप. इंजान बिघडलं तर आपुन इकत न्हाई, दुरुस्त करतो. चला, भरती व्हा."

दवाखाना

भरती झालो. हाताला सुई, तिच्यातून इंजेक्शन, आणि त्यानंतर जे सुरू झालं ते सांगायला लाज वाटते. पण ज्यांना हा आजार आहे त्यांनी घाबरू नये म्हणून सांगतो. इतकी लघवी होते की माणसाला वाटतं आपण विरघळून चाललो. ती भांड्यात करायची, कर्मचारी मापून लिहून नेणार. सकाळी वजन. जेवण अळणी. पाणीसुद्धा मापून.

शेजारच्या खाटेवर आहुप्याचे एक म्हातारबाबा होते, त्यांचंही हेच दुखणं. आमची दोघांची रोज चढाओढ लागायची. माझं भांडं बघून ते म्हणायचे, "पाटकरी, तुमी तर धरणाचं पाणी चोरून पिलेलं दिसताय. आमच्या डोंगरात पावसाळ्यातबी एवढं उतरत न्हाई." सिस्टर रागवायच्या, पण त्याही तोंड फिरवून हसायच्या.

एका पहाटे जाग आली तेव्हा लक्षात आलं की मी आडवा झोपलोय. उशी एकच होती. छातीवर कोणी नव्हतं. त्या सकाळी मी किती रडलो ते सरूने पाहिलं आणि कोणाला सांगितलं नाही. एवढं सुख मला त्या आजाराने दिलं, तेही लिहून ठेवतो.

घरी सोडताना डॉक्टरांनी माझ्या मुलाला, बाळूला, समोर बसवून समजावलं. इंजेक्शनच्या ऐवजी आता गोळी, छोटी, पांढरी. सकाळीच घ्यायची. रोज वजन करायचं, ते एकदम वाढलं किंवा कमी झालं तर कळवायचं. थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं, कारण पाण्याबरोबर अंगातले क्षारही निघून जातात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मनाने गोळी बंद करायची नाही, वाढवायची नाही. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी तशीच चालू ठेवायची नाही, आधी विचारायचं. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खायच्या नाहीत. शेवटचं वाक्य शब्दन् शब्द आठवतं. "काका, घरात दुसऱ्या कोणाचे पाय सुजले तरी त्याला ही द्यायची नाही. सूज दिसायला सारखी असते, कारण वेगळं असतं."

मी हसलो. म्हटलं, कोण देतंय.

सरूचे पाय

त्या हिवाळ्यात कांद्याची लावणी जोरात होती. सरू आमच्या रानात आणि फेडाफेडीत, म्हणजे कामाच्या बदल्यात काम म्हणून, दुसऱ्यांच्या रानात दिवसभर वाकून लावणी करायची. संध्याकाळी तिच्या घोट्यांवर सूज दिसायला लागली. मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि डॉक्टरसारखा अंगठा दाबला. खळगा पडला.

"पाणी साठलंय," मी म्हणालो. "घे माझी अर्धी."

"डागदर नगं म्हनला व्हता ना?"

"डॉक्टरला सगळ्यांसाठी तेच बोलावं लागतं. मला कळतं का नाही पाण्यातलं?"

ती हसली. तिचा माझ्यावर विश्वास होता. पस्तीस वर्षं मी जिथे दार उचललं तिथे पाणी गेलं होतं.

अर्धी गोळी घेतली, सूज उतरली. ती म्हणाली, "लई हलकं वाटतंय बगा." झालं, मी अर्धीची एक केली. जास्त राबली त्या दिवशी मी नडगी दाबून बघायचो आणि संध्याकाळी आणखी एक द्यायचो. मंचरच्या दुकानात माझ्या नावाने गोळी सहज मिळायची. रक्त तपासायचं होतं ते माझं. तिचं कोण तपासणार?

गोळीने लघवी लागते. मी घरी, कालव्याकडेला, आडोशाला कुठेही जायचो. सरू कांद्याच्या वाफ्यात बायकांच्या ओळीत असायची. सपाट रान, झाड नाही, झुडूप नाही. सारखी उठायला लागली तर ओळ मोडते. बायका चेष्टा करायच्या, "सरूकाकू, निघाल्या का पुना बांधाला पानी द्यायला? पाटकऱ्याचीच बाईल शोभती!" ती हसून न्यायची. पण मग तिने काय केलं, तर पाणी पिणंच बंद केलं. दुपार टळेपर्यंत घोटभरही नाही. मी उलट शाबासकी दिली. मलाही डॉक्टरांनी पाणी मापून प्यायला सांगितलं होतं ना.

तिच्या पोटऱ्यांत पेटके यायला लागले. पहाटे कळवळून उठायची, मी पाय चोळून द्यायचो. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तोंड कोरडं पडायचं. हातातली पाटी जड लागते म्हणायची. गुडघ्यांसाठी किराणा दुकानातल्या अंगदुखीच्या गोळ्याही घ्यायची. यातलं एकेक डॉक्टरांनी माझ्या कानावर घातलं होतं. पण ते माझ्याबद्दल होतं असं मी धरून चाललो. सरू थकली होती, वय झालं होतं, एवढंच मला दिसलं.

शालनचं लग्न होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. डिंभ्याची मुलगी, बोलायला कमी, बघायला तेज. एका सकाळी तिने सरूला गोळी घेताना पाहिलं.

"आई, ही आबांची ना?"

"गप गं. त्यांनीच दिलीय."

शालनने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं. आमच्याकडे सुनेने सासऱ्याला जाब विचारायची रीत नव्हती, आणि मी ती रीत वापरली.

जत्रा

चैत्रात गावची जत्रा आली. पाहुणे, मटण, रात्रीचा तमाशा, सगळं झालं. सकाळी उरलेलं कालवण शालनने तापवून सगळ्यांना वाढलं. दुपारपासून घरातल्या तिघा-चौघांना जुलाब सुरू झाले. बाळूला झाले, मला थोडे झाले, पाहुण्यांपैकी एकाला झाले. संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. सरूचे थांबेनात. उलट्याही सुरू झाल्या.

दुसऱ्या सकाळी मी तिला गोळी दिली. होय, त्याही सकाळी. पायांवर सूज होतीच आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ठरलेली पाळी मोडायची नसते. आधीच दोन्हीकडून पाणी जात होतं आणि मी तिसरं दार उचललं. कालव्यावर असं कोणी केलं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

ती गोळी तिने घेतली. उलटून पडू नये म्हणून तोंडावर पदर दाबून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "छातीत कसंतरी फडफडतंय बगा." मग ओसरीवरून उठताना खाली कोसळली.

जीपमधून मंचरला नेलं. माझे डॉक्टर त्या दिवशी गावाला गेले होते, दुसरे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नाडी धरली, सलाईन लावलं, छातीची पट्टी काढली आणि पट्टी बघून त्यांचा चेहरा बदलला. ते माझ्याकडे वळले.

"आजींना कुठली गोळी चालू आहे का? बीपीची, साखरेची, लघवीची?"

त्यांनी "लघवीची" असं स्पष्ट विचारलं. मला कळलं नाही, असं म्हणायला जागा नाही.

खाटेच्या एका बाजूला बाळू होता. त्याच्याच समोर मला बजावलं होतं की ही गोळी कोणाला द्यायची नाही. पायथ्याशी शालन उभी होती, कडेवर वैशू. शालनने तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिने पदर सारखा केला आणि मान खाली घातली.

मी म्हणालो, "नाही. कसलीच नाही."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नक्की?"

"घरात आजवर डोकेदुखीची गोळी नाही तिला."

का म्हणालो? सलाईन लागलंय, आता उठून बसेल, मग उगीच बोलणी कशाला खायची, एवढाच विचार होता. इतका हलका विचार. मुलासमोर मान खाली घालावी लागू नये म्हणून.

त्यांनी रक्त काढून पाठवलं. जुलाबाचा पेशंट म्हणून उपचार सुरू केले. हृदयाचे ठोके आणखी बिघडले तेव्हा पुण्याला न्यायला सांगितलं. सरू वाटेतच गेली. तिचं डोकं शालनच्या मांडीवर होतं, माझ्या नाही. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो.

शालनवर आलेलं

यमुना रडता रडता पहिलं वाक्य बोलली ते हे, "रातचं मटान सकाळी घातलंन हिनं माझ्या बहिणीला!" झालं. पुढचं गावाने केलं. तेराव्याचा स्वयंपाक शालनला करू दिला नाही. लावणीच्या ओळीत बायका तिच्या कळशीतलं पाणी घेईनात. कोणी हळदीकुंकवाला बोलावलं तरी चहाच्या भांड्याला हिने हात लावायचा नाही. एवढ्या सगळ्यांनी तेच कालवण खाल्लं होतं आणि सगळे जिवंत होते, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं होतं.

काही महिने गेल्यावर तिने बाळूला सांगितलं. नवऱ्यालाच सांगितलं, बाहेर नाही. बाळू रानातून थेट माझ्यापाशी आला, पायाचा चिखल न धुता.

"आबा, खरं सांगा. आईला तुमची गोळी तुमी देत व्हता?"

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. सरू गेलेली होती, डॉक्टर समोर नव्हते, फक्त मुलगा होता. मी म्हणालो, "सुनबाईला स्वतःचं झाकायचंय. मेलेल्या बाईवर आन् म्हाताऱ्यावर घालतीय."

दवाखान्यातलं खोटं घाईत सुटलं असं मी कधीकधी स्वतःला समजावतो. हे दुसरं शांत बसून बोललो. पुढ्यात चहा होता. त्या दिवशी बाळूने शालनवर हात उचलला. आत चाललेलं मला ऐकू येत होतं. दुसऱ्या सकाळी ती वैशूला घेऊन डिंभ्याला बापाकडे गेली.

घरात आम्ही दोघे बाप-लेक उरलो. शेजारून भाजी यायची, तिखट-मिठाची. लोणचं, पापड. वजन कोण करतंय? गोळी मी मनाला येईल तशी घ्यायचो, बाहेर जायचं असलं की टाळायची, परत आल्यावर दोन. काही आठवड्यांत पुन्हा पाणी साठलं आणि मी पुन्हा त्याच दवाखान्यात, त्याच रांगेतल्या खाटेवर.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी शालन दारात उभी राहिली. हातात डबा, मागे तिचा बाप. तिला कोणी बोलावलं नव्हतं. डब्यात अळणी पिठलं आणि भाकरी होती.

मी म्हणालो, "आलीस, बरं केलंस."

ती म्हणाली, "आबा, मी तुमच्यासाठी आले न्हाई. पोरीला बाप पायजे, म्हनून आले." आणि पिठलं ताटात काढलं.

घरी आल्यावर तिने एक केलं. गोळ्यांचा डबा स्वतःकडे घेतला. तेव्हापासून माझ्या हातात डबा कधी आला नाही. सकाळी न्याहारी झाली की ती एक गोळी आणि पेला आणायची, मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. घरात कोणाचं पोट बिघडलं तर आधी माझं विचारायची. कांदा साठवायच्या बराखीतल्या काट्यावर मला उभं करून वजन बघायची, शेजारी हसायचे, "पाटकरी, आज काय भावानं?" रक्त तपासायला मंचरला घेऊन जायची. एकदा पोटॅशियम कमी निघालं तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं, आणि मी आज हे लिहायला बसलो आहे तो तिच्यामुळे. जिला मी खोटी पाडली तिने मला जगवलं, आणि एका शब्दाने कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

ज्यांच्या घरात ही गोळी आहे

नंतर एकदा मी माझ्या डॉक्टरांना आडून विचारलं, एखाद्या बाईने न विचारता ही गोळी महिनोन्महिने घेतली आणि वर जुलाब झाले तर? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "अंगातले क्षार इतके उतरतात की हृदयाचे ठोके चुकतात. वेळेवर कळलं तर उपाय असतो." मी विचारलं, डॉक्टरांना आधी सांगितलं असतं तर ती बाई वाचली असती? "ते मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "पण त्यांना कुठे बघायचं ते लगेच कळलं असतं." ते उत्तर घेऊन मी आजवर फिरतो आहे. त्यात सुटकाही नाही आणि शिक्षाही नाही.

गोळी वाईट नाही. तिनेच मला आडवं झोपू दिलं, एवढी वर्षं दिली. पण ती ज्याच्या नावाने लिहिली त्याचीच. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, किडनीने सुजतात, रक्त कमी असलं तरी सुजतात. अंगठा दाबून कारण कळत नाही. पेटके, अंधारी, कोरडं तोंड, छातीत फडफड, कानात आवाज येणं, लघवी एकदम कमी होणं, यातलं काही झालं तर वय झालं म्हणून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. गोळीवर असताना जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्याच दिवशी विचारा. कोणी सांगतं केळी खा, नारळपाणी प्या म्हणजे क्षार भरून येतात. तेही मनाने नको, कोणाला ते कमी लागतं, कोणाला त्याचाच त्रास होतो.

रानात राबणाऱ्या बाईला डॉक्टरांनी ही गोळी दिली असेल तर घरातल्या पुरुषाने एवढं बघावं की तिला जायला आडोसा आहे का. लाजेपायी ती पाणी पिणं सोडेल आणि तुम्हाला सांगणार नाही.

आणि डॉक्टरने विचारलं की खरं सांगा. मुलगा समोर असो, सून असो, गाव असो.

चाकण

पुढे बाळूला चाकणच्या कारखान्यात काम लागलं. ते तिकडे राहायला गेले. शालन गावातून सुटली याचा मला आनंद झाला आणि माझी रोजची गोळी आता कोण देणार याची काळजी वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटलं. माणूस असा असतो. तिने शेजारच्या वहिनींना सगळं समजावून दिलं, मगच टेम्पोत बसली.

शालनच्या मरणाच्या आधीच्या हिवाळ्यात मी चाकणला गेलो. ठरवून गेलो. रात्री जेवायला बसलो. शालन भाकरी थापत होती, पोरं शेजारच्या घरी टीव्ही बघायला गेली होती. मी ताटावर हात ठेवून बाळूला म्हणालो, "बाळू, आईला गोळ्या मी देत होतो. शालन खरं बोलली होती. खोटं मी बोललो."

बाळूचा घास हातात राहिला. तो परत ताटात ठेवून म्हणाला, "आता कशाला उकरता, आबा? लोक इसरले."

लोक विसरले नव्हते. पण तो बायकोकडे बघत नव्हता, म्हणून मी बघितलं. शालनने तव्यावरची भाकरी उलटली. तिची पाठ आमच्याकडे होती. मग तिने भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "जेवा. गार व्हईल."

झोपायला गेल्यावर मला कळलं की मी काय केलं. सांगितलं ते मुलाला. पुरुषाने पुरुषाला हिशोब दिला. ती दोन हातांवर बसली होती आणि तिच्याबद्दल मी असा बोललो जणू ती घरात नव्हती. माफीचा शब्द तर आलाच नाही.

सकाळी बाळू कामावर गेला. शालन मला स्टँडवर सोडायला आली. वाटेत मी मनाशी वाक्य जुळवलं. लांबलचक नव्हतं. शालन, मी दोनदा खोटं बोललो आणि तुझा जन्म त्यात गेला, मला माफ कर. एवढंच. स्टँडवर पोचल्यावर मी म्हणालो, "शालन..."

"आबा, आदी लघवीला जाऊन या. सकाळी गोळी घेतलीय तुमी. गाडी मंचरपातूर थांबत न्हाई."

मी गेलो. परत आलो तोवर गाडी लागली होती. तिने आत चढून माझ्यासाठी खिडकीची जागा धरली होती, मला बसवलं, पिशवी पायाशी ठेवली आणि खाली उतरली. गाडी लगेच निघाली नाही. कंडक्टर तिकिटं फाडत होता. शालन खिडकीखाली उभी होती, वर बघत. काच उघडी होती. हात बाहेर काढला असता तर तिच्या डोक्याला लागला असता.

"काय म्हनत व्हता मगा?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "काही नाही. जा आता, पोरं शाळेतून येतील."